मृत कामगारांचे स्मरण आणि कायद्याची कसोटी

तेलंगणातील संगारेड्डी जिल्ह्यात पाशमैलारम ही औद्योगिक वसाहत आहे. ३० जून २०२५ रोजी सकाळी तेथील सिगाची इंडस्ट्रीज या कंपनीच्या कारखान्यात भीषण स्फोट झाला. औषधांच्या गोळ्यांमध्ये मिसळली जाणारी सेल्युलोजची बारीक भुकटी येथे तयार होत असे. ढिगारा उपसण्याचे व डीएनए चाचण्यांद्वारे ओळख पटविण्याचे काम त्यानंतर कित्येक दिवस चालले. ४६ मृतांची ओळख पटली. उरलेल्या आठ जणांचा मात्र काहीही माग लागला नाही आणि अखेर त्यांना मृत मानण्यात आले. मृतांमध्ये बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेश अशा दूरच्या राज्यांतून पोटासाठी आलेले अनेक जण होते. त्या आठ जणांच्या कुटुंबीयांना अंत्यसंस्कारासाठी देहाचा अंशही मिळाला नाही.

दरवर्षी २८ एप्रिलला जगभर कामावर मृत्यू पावलेल्या कामगारांचे स्मरण केले जाते. कॅनडातील कामगार संघटनांनी १९८४ मध्ये या प्रथेचा आरंभ केला. अमेरिकेत व्यावसायिक सुरक्षेचा कायदा १९७१ साली याच तारखेला अमलात आला होता. म्हणून तेथील संघटनांनी १९८९ पासून हाच दिवस निवडला. पुढे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २००३ पासून तो कार्यस्थळावरील सुरक्षा व आरोग्याचा जागतिक दिवस म्हणून पाळण्यास सुरुवात केली. आपल्याकडे ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. १९६६ साली याच दिवशी राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना झाली. त्या दिवशी कारखान्यांतून प्रतिज्ञा होतात, फलक लागतात, बक्षिसे दिली जातात. मृतांचे नाव मात्र त्या समारंभात सहसा निघत नाही.

सुरक्षेचा उत्सव आणि मृतांचे स्मरण ही दोन वेगळी कर्तव्ये आहेत, असे मानण्याची आपल्याला सवय जडली आहे. वास्तविक दुसऱ्यावाचून पहिल्याला अर्थ नाही. कामावरचा मृत्यू ही शोकाची बाब आहेच. त्याबरोबर ती एक सूचनाही असते. ती वाचली गेली नाही, तर पुढची सूचना अधिक मोठ्या अक्षरांत लिहिली जाते. भारताच्या औद्योगिक इतिहासात याचे दाखले विपुल आहेत.

भोपाळच्या आधीचे भोपाळ

भोपाळचे नाव घेतले की २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र आठवते. पण युनियन कार्बाइडच्या त्या कारखान्यातील पहिला इशारा त्याआधी तीन वर्षे मिळाला होता. डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन या विषारी वायूच्या संसर्गाने तेथील एका कामगाराचा मृत्यू झाला. पाठोपाठ १९८२ च्या आरंभी पुन्हा फॉस्जीनची गळती होऊन वीसहून अधिक कामगारांना रुग्णालयात हलवावे लागले. कामगार संघटनेने निषेध केला, भित्तिपत्रके लावली. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेतील मूळ कंपनीच्या तज्ज्ञांनी पाहणी करून सुरक्षेतील त्रुटी लेखी नोंदविल्या. राजकुमार केसवानी या स्थानिक पत्रकाराने १९८२ पासून आपल्या छोट्या साप्ताहिकातून शहराला वारंवार सावध केले. पहिला मृत्यू पावलेला कामगार हा त्यांचा मित्र होता आणि त्या मृत्यूनेच त्यांना शोधाला प्रवृत्त केले होते.

एका कामगाराच्या मृत्यूची कारणमीमांसा त्या वेळी गांभीर्याने झाली असती, तर १९८४ ची रात्र टळली असती का, याचे निश्चित उत्तर देता येणार नाही. एवढे मात्र निर्विवाद आहे की, त्या रात्री वायूची साठवण थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, निसटलेला वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीअभावी निकामी होता आणि देखभालीच्या खर्चात व मनुष्यबळात कपात झालेली होती. हे सर्व कारखान्यातील माणसांना ठाऊक होते. ज्यांना धोका प्रथम दिसतो त्यांच्या शब्दाला निर्णयप्रक्रियेत स्थान नसणे, हे भोपाळचे एक मूळ कारण होते.

दुर्घटनेनंतर संसदेने याची दखल घेतली. १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा झाला. १९८७ मध्ये कारखाना अधिनियमात घातक प्रक्रियांविषयीचे स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. त्यात सुरक्षा समितीत कामगारांना प्रतिनिधित्व मिळाले आणि तातडीचा धोका दिसल्यास तो निदर्शनास आणण्याचा कामगाराचा हक्क कायद्याच्या शब्दांत आला. फौजदारी खटल्याचा निकाल लागायला मात्र जून २०१० उजाडला. हजारोंच्या मृत्यूनंतर भारतीय अधिकाऱ्यांना झालेली शिक्षा होती दोन वर्षांची.

तेच पाणी, तीच खाण

धनबादजवळच्या चासनाला कोळसा खाणीत २७ डिसेंबर १९७५ रोजी शेजारच्या परित्यक्त खाणीत साठलेले पाणी घुसले आणि सुमारे पावणेचारशे खाणकामगार क्षणार्धात गडप झाले. ‘काला पत्थर’ या चित्रपटामुळे ही घटना देशभर पोहोचली. आजही दरवर्षी त्या तारखेला चासनाल्याच्या स्मारकापाशी आप्तस्वकीय व कामगार एकत्र जमतात. खटला मात्र ३६ वर्षांहून अधिक काळ चालला. २०१२ मध्ये शिक्षा सुनावली गेली तेव्हा काही आरोपी हयातच नव्हते आणि उरलेल्या दोघांना मिळाला एक वर्षाचा कारावास व काही हजारांचा दंड.

चासनाल्याचा धडा तसा साधा होता. जुन्या, सोडून दिलेल्या खाणींचे अचूक नकाशे हवेत आणि त्यांच्यातील पाण्यापासून किती अंतर राखून खोदायचे हे काटेकोरपणे पाळले गेले पाहिजे. तरीही फेब्रुवारी २००१ मध्ये त्याच कोळसापट्ट्यातील बागडिगी खाणीत जुन्या खोदकामातले पाणी फुटून २९ जणांचा बळी गेला. डिसेंबर २०१८ मध्ये मेघालयातील क्सान येथे अरुंद बिळांतून कोळसा उकरणारे किमान १५ मजूर पाण्यात अडकले. त्यांपैकी केवळ दोघांचे मृतदेह बाहेर काढता आले. जानेवारी २०२५ मध्ये आसामातील उमरांगसो येथे पुन्हा असेच घडले. मेघालयातील अशा खाणकामावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१४ मध्येच बंदी घातली होती. बेकायदा खाणीत हजेरीपट नसतो. त्यामुळे आत किती माणसे होती, हा पहिला प्रश्नच तेथे अनुत्तरित राहतो.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. संघटित कोळसा खाणींतील प्राणघातक अपघातांचे प्रमाण गेल्या पन्नास वर्षांत पुष्कळ घटले आहे. त्यामागे यंत्रसामग्रीतील बदल आहेत. खाणसुरक्षा महासंचालनालयासारखी विशेषज्ञ यंत्रणा, कामगार संघटनांचा सततचा दबाव आणि प्रत्येक मृत्यूच्या चौकशीची वैधानिक पद्धत यांचाही त्यात वाटा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखात्याचे सदस्य असताना डिसेंबर १९४३ मध्ये धनबादला गेले होते आणि स्वतः खाणीत उतरून त्यांनी कामाची स्थिती पाहिली होती. पुढच्याच वर्षी कोळसा खाणकामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला. अपघात अटळ नसतात. राज्यसंस्थेने लक्ष घातले की मृत्यू कमी होतात, हे याच देशात सिद्ध झालेले आहे.

मोजदादीबाहेरची माणसे

कारखान्यातील अपघाताची खबर सरकारला देण्याचे बंधन आपल्याकडे १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्यापासून आहे. तरी एकविसाव्या शतकात कामावर दरवर्षी नेमके किती भारतीय मरतात, हे कोणत्याही एका अधिकृत आकड्यावरून सांगता येत नाही. केंद्राच्या कारखाना सल्ला सेवा महासंचालनालयाचे मुख्यालय मुंबईत आहे. राज्यांकडून आलेली माहिती तेथे संकलित होते. तिच्यानुसार २०१७ ते २०२० या काळात नोंदणीकृत कारखान्यांत दरवर्षी सरासरी सुमारे अकराशे कामगारांचा मृत्यू झाला. म्हणजे दिवसाला तीन. परंतु हा आकडा फक्त नोंदणीकृत कारखान्यांचा आहे. बांधकामावरची पराती वाहणारी मजूर, गटारात उतरलेला सफाई कामगार, घरच्या पडवीत फटाक्यांची दारू भरणारी बाई, उसाच्या चरकात हात गेलेला मुलगा, हे सारे त्याबाहेरचे आहेत. भारतातील बहुसंख्य श्रमिक असंघटित क्षेत्रात आहेत हे ध्यानात घेतले, तर या आकड्याचे अपुरेपण आपोआप स्पष्ट होते.

त्याहूनही अदृश्य असतो तो संथ मृत्यू. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे २९ लाख ३० हजार लोक कामाशी निगडित कारणांनी मरण पावतात आणि त्यांपैकी सुमारे २६ लाख मृत्यू अपघाताने झालेले नसून आजाराने झालेले असतात. अपघाताची बातमी होते, आजाराची होत नाही. मध्य प्रदेशातील झाबुआ, आलिराजपूर, धार या भागांतले आदिवासी गुजरातमधील गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत कामाला जात. काही महिने त्या धुळीत काढून ते गावी परतत आणि सिलिकोसिसने झिजून मरत. कारखाना एका राज्यात, मरण दुसऱ्या राज्यात. नोंद कोठेच नाही. दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अशा २३८ मृतांच्या कुटुंबीयांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. राजस्थानने २०१९ मध्ये या आजारासाठी स्वतंत्र धोरण आखले. दगडखाणी व दगडकामाच्या या राज्याने रुग्णाला साहाय्य आणि मृत्यूनंतर कुटुंबाला मदत देण्याची रीतसर व्यवस्था उभी केली. इतर राज्यांनी तिचे अनुकरण करण्यास हरकत नसावी.

सफाई कामगारांची कथा याहून लाजिरवाणी आहे. हाताने मैला साफ करण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गटारातील मृत्यूसाठी दहा लाखांची आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाखांची भरपाई ठरवून दिली. भरपाई तिप्पट झाली, पण माणसे गटारात उतरविणे थांबले नाही. कारण काम कंत्राटदाराकडे, कंत्राटदाराने ते उपकंत्राटदाराकडे दिलेले, आणि मृत्यूनंतर सांगण्यात येते की, तो मनुष्य आपण होऊनच खाली उतरला.

कंत्राटांची ही उतरंड आपल्या बहुतेक औद्योगिक मृत्यूंच्या मुळाशी आढळते. तमिळनाडूतील शिवकाशीजवळ मुदलीपट्टी येथे सप्टेंबर २०१२ मध्ये फटाका कारखान्यातील स्फोटात तीसहून अधिक जण मरण पावले. विरुधुनगर जिल्ह्यात असे स्फोट जवळजवळ दरवर्षी होतात. परवाना एकाच्या नावावर, शेड मात्र पोटभाड्याने अनेकांना दिलेल्या. एका खोलीत ठरल्यापेक्षा अधिक माणसे आणि ठरल्यापेक्षा अधिक दारू. दिवाळीपूर्वीची घाई आणि तुकड्यावर ठरलेली मजुरी. या साऱ्याला नियमांची मनाई आहे आणि ते नियम राबविणाऱ्या स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे. नियमांची उणीव आपल्याकडे क्वचितच असते. ते राबविणाऱ्या माणसांची आणि त्यांच्या इच्छाशक्तीची उणीव असते.

नव्या संहितेची परीक्षा

या पार्श्वभूमीवर २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यांतील व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयक संहितेने कारखाने, खाणी, गोदी, बांधकाम, मळे, कंत्राटी व स्थलांतरित कामगार यांविषयीचे तेरा जुने कायदे एकत्र आणले. तिच्या जमेच्या बाजू नाकारता येणार नाहीत. प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणे आता बंधनकारक आहे. पाशमैलारमसारख्या ठिकाणी आत कोण होते हे शोधावे लागते तेव्हा या साध्या कागदाचे मोल कळते. मोफत वार्षिक आरोग्य तपासणीची तरतूद नीट राबविली गेली, तर सिलिकोसिससारखे आजार वेळेत उघड होऊ शकतील. मृत्यूस कारणीभूत ठरणाऱ्या कसुरीसाठी किमान पाच लाखांचा दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन्ही, आणि दंडातील निम्मी तरी रक्कम वारसांना देण्याचा अधिकार न्यायालयाला, ही जुन्या २५ हजारांच्या किमान दंडापेक्षा नक्कीच सुधारणा आहे.

चिंतेची बाजू मात्र तितकीच वजनदार आहे. विजेवर चालणाऱ्या उद्योगाला ‘कारखाना’ म्हणण्यासाठी पूर्वी दहा कामगार पुरेसे होते, आता वीस लागतात. विजेविना चालणाऱ्यासाठी वीसऐवजी चाळीस. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना मालकाची सामान्य कर्तव्ये लागू राहतात आणि घातक कामांसाठी सरकार अधिसूचनेने मर्यादा शिथिलही करू शकते. परंतु कारखान्यांसाठीचा विशेष पहारा लहान घटकांवरून हटतो आणि लहान घटकांतच धोका अधिक असतो. सुरक्षा समितीची सक्ती साधारण कारखान्यात पाचशे, घातक प्रक्रियेत अडीचशे आणि खाणीत शंभर कामगारांपासून सुरू होते. देशातील बहुतांश कामगारांना अशी समिती पाहायलाच मिळणार नाही.

निरीक्षक आता ‘निरीक्षक नि सुविधाकार’ झाला आहे. कोणाची तपासणी करायची हे संगणक यदृच्छेने ठरवील, असे संहितेचे धोरण आहे. ‘इन्स्पेक्टर राज’मधील लाचखोरीला आळा घालण्याचा हेतू समजण्यासारखा आहे. पण श्रम तपासणीसंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९४९ सालीच स्वीकारला आहे. पूर्वसूचनेविना कोणत्याही वेळी कार्यस्थळी प्रवेश करण्याची निरीक्षकाची मुभा हा त्या कराराचा गाभा आहे. लाचखोर निरीक्षकावर इलाज म्हणून निरीक्षणच क्षीण करणे हा औषधापेक्षा आजार बरा म्हणण्याचा प्रकार ठरेल.

सर्वांत महत्त्वाची उणीव आणखी वेगळी आहे. जीवघेणा धोका दिसल्यास कामगाराने तो मालकाच्या व निरीक्षकाच्या निदर्शनास आणावा, असे संहिता सांगते. पण काम थांबवून तेथून बाजूला होण्याचा हक्क ती स्पष्ट शब्दांत देत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या सुरक्षाविषयक करारात, गंभीर धोक्यापासून दूर झालेल्या कामगाराला त्याबद्दल शिक्षा होऊ नये, असे संरक्षण आहे. हा करार जून २०२२ पासून श्रमविषयक मूलभूत करारांमध्ये गणला जातो. कंत्राटावरचा, परप्रांतातला, महिनाअखेरीस घरी पैसे पाठविण्याच्या विवंचनेत असलेला कामगार कायद्याच्या पाठबळाविना ‘नाही’ म्हणू शकत नाही. त्याच्या ‘नाही’ म्हणण्यातच कदाचित इतर पन्नास जणांचे प्राण सामावलेले असतात.

स्मरण म्हणजे काय?

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत विमान कोसळले. ठीक एका महिन्याने विमान अपघात अन्वेषण विभागाचा प्राथमिक अहवाल सर्वांसमोर आला. त्यावर वाद झाले, तज्ज्ञ बोलले, जगाने तो वाचला. विमानाच्या अपघातातून शिकायचे असते, हे आपण मान्य केले आहे. कारखान्याच्या स्फोटासाठी अशी कोणतीही स्वतंत्र राष्ट्रीय अन्वेषण संस्था नाही. ज्या राज्य संचालनालयाकडे तपासणीची जबाबदारी असते, बहुधा तेच चौकशीही करते. नेमलेल्या समित्यांचे अहवाल मंत्रालयाच्या कपाटात जातात. एका राज्यातील स्फोटाचे कारण दुसऱ्या राज्यातील तशाच कारखान्याला कळत नाही. बारीक सेंद्रिय भुकटी हवेत पसरली की ठिणगीने तिचा स्फोट होतो, हे विज्ञान नवे नाही. ते कामाच्या जागी पोहोचत नाही, एवढेच.

म्हणून स्मरणाची पहिली पायरी ही स्वतंत्र अन्वेषणाची आणि अहवाल ठरावीक मुदतीत प्रसिद्ध करण्याची असावी. दुसरी पायरी नोंदीची. कारखाना, बांधकाम, गटार, शेतीयंत्र, व्यवसायजन्य आजार या साऱ्यांतील मृत्यूंची एकच राष्ट्रीय सार्वजनिक नोंदवही हवी. मूळ मालकाचे उत्तरदायित्व ही तिसरी. काम कितीही हातांतून खाली गेले तरी जिवाची जबाबदारी वर राहिली पाहिजे. चौथी पायरी भरपाईच्या सूत्राची. कामगाराच्या वारसांना मिळणारी कायदेशीर भरपाई मासिक वेतन व वय यांच्या गुणाकारातून ठरते. त्यामुळे ज्याला कमी वेतन दिले, त्याचा मृत्यूही स्वस्त पडतो. दुर्घटनेनंतर सरकारे जाहीर करतात ती मोठी रक्कम अनुकंपेची असते. ती कॅमेऱ्यांच्या गर्दीवर अवलंबून असते. एकट्यादुकट्याने मेलेल्याच्या दारी ती जात नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तराखंडातील सिलक्यारा बोगद्यात ४१ मजूर अडकले तेव्हा सारा देश सतरा दिवस श्वास रोखून बसला होता. परदेशी तज्ज्ञ आले, यंत्रे आली, आणि शेवटचे काही मीटर हाताने खोदून त्यांना बाहेर काढले ते बिळांतून कोळसा काढण्याचे काम केलेल्या मजुरांनी. सगळे वाचले. आपण कामगारांविषयी उदासीन आहोत असे त्या दिवसांत कोणालाही वाटले नसते. ती आस्था खरी होती. पण ती दुर्घटना घडल्यानंतरची होती. बोगदा खोदायला घेण्यापूर्वी, भट्टी पेटविण्यापूर्वी, गटाराचे झाकण उघडण्यापूर्वी तिची अधिक गरज असते.

नवी संहिता लागू झाल्यानंतरचा यंदाचा २८ एप्रिल हा पहिलाच. या दिवशी सरकारने काही उद्घाटन करण्याची आवश्यकता नाही. प्रत्येक राज्याने गेल्या वर्षभरात कामावर मरण पावलेल्यांची यादी प्रसिद्ध करावी: नाव, गाव, कामाची जागा, मृत्यूचे कारण आणि त्यानंतर त्या जागी काय बदलले. शेवटचा रकाना जेथे कोरा राहील, तेथे निरीक्षकाने दुसऱ्या दिवशी जाऊन उभे राहावे.